लाल बावट्याची भाऊबंदकी

कल्याणजवळच्या मोहन्याला जायचं तर आंबिवलीला उतरायचं. त्याच्या पुढचं स्टेशन टिटवाळा. तिथे उतरणारा माणूस बहुतेक महागणपतीला निघालेला असतो. जानेवारी 1945मध्ये मात्र तिथे शेतकऱ्यांची परिषद भरली आणि महाराष्ट्रातल्या किसान सभेची स्थापना झाली. गोदावरी परुळेकरांनी आदल्या काही दिवसांत खेडी पालथी घातली होती. उंबरगाव तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तिथले काही वारली परिषदेला आले, त्यांत माह्या धांगडा होता. लाल बावटा वारल्यांच्या पाड्यांवर पोचला तो या वाटेने.

पुढचं फार वेगाने घडलं. 23 मे 1945ला झरी गावच्या सभेत ठरलं की वेठ करायची नाही, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी यापुढे कुणी व्हायचं नाही. पावसाळा सरता सरता गवतकापणीचा दर मागितला गेला: 500 पौंडांना अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

आज तलासरी-डहाणूकडे लाल बावटा म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. अलिबाग-पेणकडे तोच शब्द शेतकरी कामगार पक्षासाठी. लालबाग-परळच्या जुन्या चाळीत विचारा, तर डांग्यांची गिरणी कामगार युनियन. नगरकडच्या साखर कामगाराला लाल निशाण पक्ष आठवेल. बावटा एकच, घरं चार, आणि त्यांचं आपसात फारसं कधी पटलेलं नाही.

मूळपुरुषाची गोष्ट गमतीची आहे. जुलै 1791मध्ये पॅरिसात लाल झेंडा फडकवला तो सरकारने. लष्करी कायदा लागू झाला, जमाव पांगला नाही तर गोळ्या घालू, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या त्यांनीच तो उचलला. 1871च्या पॅरिस कम्यूनने त्याला कामगारांचा झेंडा करून टाकलं. हिंदुस्थानात 1 मे 1923 रोजी मद्रासच्या किनाऱ्यावर सिंगारवेलूंनी तो लावला. मुंबईत 1928च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन निघाली, आणि ‘लाल बावटा’ हे तिचं जवळजवळ आडनाव झालं.

समाजवादी आणि कम्युनिस्ट हे मुळात सख्खे. कारखाना-जमीन मूठभरांच्या हातात नको, हे दोघांनाही मान्य. युरोपात फाटलं ते 1914च्या महायुद्धात, आपापल्या सरकारांच्या युद्धखर्चाला मतं द्यायची की नाही यावरून. रशियन क्रांतीनंतर फाट कायमची झाली: एकाला मतपेटी आणि कायदेमंडळ पुरेसं वाटलं, दुसऱ्याला शिस्तबद्ध पक्ष आणि क्रांती. आपल्याकडचे समाजवादी घडले नाशिकच्या तुरुंगात. सविनय कायदेभंगात पकडलेले जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, एसेम जोशी मार्क्स वाचत होते, पण बाहेर गांधी होते. त्यांचा काँग्रेस समाजवादी पक्ष 1934मध्ये निघाला तो काँग्रेसच्या पोटातच.

माझ्या मते महाराष्ट्रात ही घरं ग्रंथावरून फुटली नाहीत. आज कुणाच्या बाजूने उभं राहायचं, या प्रश्नावर फुटली. जून 1941मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि कम्युनिस्टांच्या लेखी महायुद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. सरकारने 1942मध्ये त्यांच्यावरची बंदी उठवली. ऑगस्टात समाजवादी भूमिगत झाले, कम्युनिस्ट ‘चले जाव’पासून दूर राहिले. तो राग समाजवाद्यांच्या दोन पिढ्यांनी जपला. त्याच वेळी लोकयुद्धाचं धोरण न पटलेले एस. के. लिमये, यशवंत चव्हाण कम्युनिस्ट पक्षाबाहेर पडले आणि नवजीवन संघटना निघाली. तीच पुढे लाल निशाण.

शेकापची जन्मकथा वेगळी. तो काँग्रेसमधून 1947मध्ये निघाला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही माणसं सत्यशोधक-ब्राह्मणेतर मुशीतली. 1950च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्स-लेनिन पत्करला, पण तो कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला नाही. जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात आपोआप सुटत नाही, हे सर्वांत स्पष्ट बोलले ते धुळ्याचे शरद पाटील. 1978मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. सैद्धांतिक म्हणता येईल अशी अस्सल मराठी फूट बहुधा हीच. माणसं तिच्यामागे थोडीच गेली, हा भाग निराळा.

जातीवर जोर देणारा आणखी एक रस्ता परुळेकरांच्याच घरातून जातो. शामराव आणि गोदावरी हे नवरा-बायको दोघेही भारत सेवक समाजाचे, म्हणजे गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतले. शामराव 1937मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात गेले. मग दोघे कम्युनिस्ट झाले. तीन घरं एका आयुष्यात ओलांडणारी अशी माणसं असतात म्हणून वंशावळीच्या रेघा सरळ काढता येत नाहीत.

सगळे एका मांडवाखाली आले ते संयुक्त महाराष्ट्र समितीत. एसेम, डांगे, शेकाप, लाल निशाण, आंबेडकरी पक्ष. राज्य मिळालं आणि मांडव उतरला. 1962चं चीन युद्ध आलं, डांगे सरकारच्या पाठीशी राहिले, आणि 1964मध्ये कम्युनिस्ट पक्षच दुभंगला. वाद होता सोबतीचा: काँग्रेसमधल्या पुरोगाम्यांना धरून पुढे जायचं, की ते राज्यच बड्या भांडवलदार-जमीनदारांचं मानून लढायचं. परुळेकर दुसऱ्या बाजूला गेले. शामराव 1965मध्ये तुरुंगातच वारले. आणीबाणीला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला, मार्क्सवाद्यांनी आणि समाजवाद्यांनी विरोध केला.

मोहन्यासारख्या कंपनीच्या गावात हे सारं युनियनच्या पाट्यांवर वाचायला मिळतं. 1920ची आयटक, तिच्यातून 1947ला काँग्रेसची इंटक, 1948ला समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा, 1970ला मार्क्सवाद्यांची सिटू. गेटवरचा माणूस पगार, बोनस आणि ग्रॅच्युइटी विचारतो; लोकशाही क्रांती ‘राष्ट्रीय’ की ‘जनतेची’ हे नाही. इथली एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, 2009मध्ये बंद पडली. देणी कधी मिळणार, एवढा एकच प्रश्न उरला.

बायकांनी मात्र हे कुंपण फारसं मानलं नाही. 1972च्या महागाईत समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकाच मोर्चात होत्या. लाटणी घेऊन निघालेल्या बायकांना पक्षाची पावती कुणी विचारली नाही.

2024च्या विधानसभेत डहाणूतून मार्क्सवादी विनोद निकोले निवडून आले, महाविकास आघाडीच्या सोबतीने. सांगोल्यात शेकापचे बाबासाहेब देशमुख जिंकले, तेव्हा आघाडीतल्याच ठाकरे सेनेचा उमेदवार त्यांच्या विरोधात उभा होता. आणि कल्याणला लागून असलेल्या भिवंडी पूर्वेत ‘समाजवादी’ नावाचा आमदार आहे, तो मुलायमसिंहांच्या पक्षाचा.