वसिष्ठ-अरुंधती : एका जोडताऱ्याची अनेक नावे

॥ श्री ॥

विवाहविधीत वधूवरांना ध्रुव व अरुंधती यांचे दर्शन घडविण्याची परंपरा प्राचीन असून आश्वलायन गृह्यसूत्रात तिचा उल्लेख आहे. ज्या ताऱ्याकडे बोट दाखविले जाते तो नेमका कोणता, अशी पृच्छा भाविकांकडून वारंवार होते. त्यासाठी ही माहिती येथे देत आहोत.

सप्तर्षींच्या चौकोनाबाहेर जे तीन तारे वक्र रेषेत दिसतात, त्यांतील मधला वसिष्ठ होय. त्याला अगदी लागून असलेली मंद तारका म्हणजे अरुंधती. शास्त्रग्रंथांतील 'अरुंधतीदर्शनन्याय' यावरूनच आला. प्रथम जवळचा ठळक तारा दाखवावा व मग दृष्टी सूक्ष्माकडे न्यावी, असा त्याचा आशय. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टांत योजिला आहे.

इतर संस्कृतींनीही ही जोडी न्याहाळली. अरबांनी वसिष्ठाला 'मिझार' म्हणजे कमरेचे वस्त्र, तर अरुंधतीला 'सुहा' म्हणजे विस्मृत, उपेक्षित असे म्हटले. सुहा दिसणे ही त्यांच्याकडे दृष्टीची परीक्षा मानली जाई. चीनमध्ये अरुंधती 'फू', म्हणजे साहाय्यक आहे. इंग्रजांना येथे घोडा व स्वार दिसले. कॅनडाच्या पूर्वेकडील मिकमॅक लोकांच्या कथेत वसिष्ठ हा अस्वलामागे निघालेला शिकारी पक्षी असून अरुंधती हे त्याचे स्वयंपाकाचे भांडे आहे. जपानमध्ये ही तारका न दिसणे हे मृत्यूचे चिन्ह समजत. अशीच समजूत आपल्याकडेही आहे.

हे दोन तारेच परस्परांभोवती फिरतात व म्हणूनच विवाहात त्यांना स्थान मिळाले, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. ज्ञात वस्तुस्थिती अशी, की दोघे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून अवकाशात एकाच दिशेने सहप्रवास करतात. १६१७ मध्ये कास्तेल्ली व गॅलिलिओ यांना दुर्बिणीतून वसिष्ठच दुहेरी दिसला. पुढे त्याचे दोन्ही घटकही जोडतारे ठरले. २००९ मध्ये अरुंधतीचाही सोबती सापडला. म्हणजे येथे एकूण सहा तारे आहेत. परंपरेने या जोडीला मान दिला तो वसिष्ठ-अरुंधतींच्या अभंग सहचर्यासाठी. त्याला अन्य आधाराची गरज नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. इंदूरच्या अक्षांशावर सप्तर्षी वर्षभर दिसत नाहीत. चैत्र ते ज्येष्ठ या काळात सायंकाळनंतर ते उत्तरेकडे उंच असतात. मार्गशीर्षात मात्र अरुंधती मध्यरात्रीच्या सुमारास उगवते व पहाटे उत्तम दिसते. दुपारच्या मुहूर्तावर तर केवळ संकेतच घडतो. तरी वधूवरांच्या पालकांस सविनय विनंती, की विधी मुहूर्तावर उरकला तरी नवदांपत्यास अनुकूल रात्री, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर नेऊन प्रत्यक्ष दर्शन अवश्य घडवावे. प्रथम वसिष्ठ दाखवावा, मग अरुंधती.