झाडाचा फोटो काढलात, पण ओळख कशी पटणार?

‘हे कोणतं झाड?’ असं विचारत लांबून काढलेला फोटो टाकला की खाली चार वेगळी नावं येतात. हिरवा घेर आणि तपकिरी खोड एवढ्यावरून झाड क्वचितच ओळखता येतं. जवळ जावंच लागतं.

दसऱ्याचंच घ्या. बाजारात आपट्याचं ‘सोनं’ म्हणून कांचनाच्या फांद्याही सर्रास विकल्या जातात. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांचीही पानं मधोमध दुभंगलेली. फरक बारकाव्यात आहे. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं पान बरंच मोठं. फुलांत तर गल्लत होतच नाही: आपट्याची बारीक, पिवळसर पांढरी, कांचनाची मोठी, बहुधा गुलाबी-जांभळी. पण आपटा फुलतो उन्हाळ्यात. म्हणजे दसऱ्याला भिस्त पानावर आणि झाडावर उरलेल्या शेंगांवर.

म्हणून फोटो काढताना पानाच्या दोन्ही बाजू टिपा. मागे तळहात धरा, शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. कडुनिंबाचं आपण ज्याला ‘पान’ म्हणतो ती खरं तर पर्णिका. अख्खी डहाळीसारखी दिसणारी रचना म्हणजे एक पान! ओळखायची खूण म्हणजे कोंब: तो पानाच्या देठाच्या बेचक्यात असतो, पर्णिकेच्या बेचक्यात नाही. त्यामुळे पान फांदीला जिथे जोडलंय ती जागा फोटोत हवीच.

फुलं नसताना गुलमोहर आणि सोनमोहर सारखेच वाटतात. तेव्हा शेंगा बघा. गुलमोहराची तलवारीसारखी लांब, कडक शेंग आणि सोनमोहराची छोटी, चपटी, तांबूस शेंग यांत घोटाळा होणं अवघड. उंबराची फळं थेट खोडावर लगडतात, पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात. खोडाचाही एक फोटो घ्याच.

मोबाइल फार जवळ नेला तर फोटो धूसर येतो. थोडं मागे या, दुप्पट झूम करा, पानावर बोट टेकवून फोकस पक्का करा. भर दुपारच्या उन्हापेक्षा ढगाळ उजेडात शिरा स्वच्छ दिसतात. आणि फांदी तोडू नका. खाली पडलेलं पान चालतं, फक्त ते त्याच झाडाचं आहे ना, हे वर बघून खात्री करा.