विश्वाचा इतिहास आणि हैदराबादची पाठशाळा

विश्वाची उत्पत्ती पदार्थविज्ञानात, खडकांचे वय भूगर्भशास्त्रात, प्राण्यांची परंपरा जीवशास्त्रात आणि मनुष्याची कथा इतिहासात, अशी आपल्या महाविद्यालयांतील विषयांची वाटणी आहे. सुमारे १,३८० कोटी वर्षांचा एकच वृत्तांत विद्यार्थ्याच्या हाती तुकड्यातुकड्यांनी येतो. हे तुकडे जोडून शिकविण्याचा उपक्रम डेव्हिड ख्रिश्चन यांनी सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात १९८९ साली आरंभिला. असे अध्यापन आपल्या भूमीवर करावयाचे तर आरंभ कोठून करावा? हैदराबाद नगरी या प्रश्नाचे उत्तर देते.

नवाब जफर जंग यांनी १९०१ साली येथे वेधशाळेचा पाया घातला. तीच पुढे निजामिया वेधशाळा होऊन १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाकडे आली. आकाशाचे छायाचित्रण करण्याची जी आंतरराष्ट्रीय योजना १८८७ साली पॅरिस येथे ठरली, तीत या वेधशाळेने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदविली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबादशी जोडलेला होता. तेथील पुष्कळ मराठी विद्यार्थी याच विद्यापीठात शिकले.

आकाशावरून दृष्टी भूमीकडे वळवावी. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या ग्रॅनाइटावर उभा आहे, तो सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. बिर्ला विज्ञान केंद्रात कोटासॉरस या महाकाय डायनासोरचा सांगाडा आहे. त्याची हाडे तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील यामनपल्ली येथे सापडली, व १९८८ साली त्याचे नामकरण झाले. विद्यापीठ म्हणून १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात महापाषाणयुगीन दफनांचे अवशेष आहेत. आणि येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००९ साली दाखवून दिले की, आज अलग मानल्या जाणाऱ्या बहुतेक भारतीय समाजांच्या मुळाशी प्राचीन मिश्रण आहे. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्याने हा पाठ अवश्य वाचावा.

या सर्वांना जोडणारा धागा कोणता? माझ्या मते, 'हे कशावरून?' हा प्रश्न. प्रकाशाचे पृथक्करण, युरेनियमचे शिशात होणारे रूपांतर, थरांचा क्रम, जनुकांतील बदल, ही साक्षीदारांची निरनिराळी मंडळी होय. प्रत्येकाची साक्ष तपासण्यास विद्यार्थ्यास शिकविले, तरच विषयांमधील भिंती खऱ्या अर्थाने पडतील. एरवी एका पाठांतराच्या जागी दुसरे, अधिक लांबलचक पाठांतर येईल.

अशा शिक्षकाचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवर १८५५ साली निबंध प्रसिद्ध केला. कोटासॉरस ज्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून आला, तेथील एका जीवाश्म माशाच्या जातीस त्यांचेच नाव दिले गेले. आदिवासींविषयी त्यांनी जमविलेली माहिती १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रकाशित केली. तत्पूर्वीच, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. सुवार्ता, शाळा, खडक आणि माणूस यांची त्यांनी कधी फारकत केली नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या पुष्टीसाठी वापरला जावा, असे त्यांना वाटत नव्हते. विज्ञानास भिऊ नये, तसेच त्यास उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे वकीलपत्रही देऊ नये.

२०२३ साली दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा पाठ वगळला गेला. त्यामुळे आपल्या मंडळीतील तरुण हे प्रश्न घेऊन महाविद्यालयात उशिरा आणि अपुऱ्या तयारीने पोहोचतील. तेथे त्यांना श्रद्धा व ज्ञान यांतून एकाची निवड करावी लागेल असे वाटले, तर तो दोष काही अंशी आपल्या मौनाचाही असेल. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी तरुणसंघास एक दिवस गावाबाहेरच्या खडकापाशी न्यावे आणि त्याचे वय कशावरून ठरते, हे जाणत्या शिक्षकाकडून ऐकवावे. त्यांच्याबरोबर आपणही ऐकावयास बसावे.