सौर केबल

सौर केबल : सौर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी, म्हणजे दिष्ट प्रवाह वाहून नेणारी, बारमाही उघड्यावर राहण्यासाठी बनवलेली तांब्याची केबल. इन्व्हर्टरनंतर वीज एसी होते आणि पुढे मीटरपर्यंत नेहमीची केबल पुरते. तिथे सौर केबल वापरणे हा नुसता जादा खर्च.

भारतात तिचे मानक आयएस १७२९३ : २०२० असे असून ते १५०० व्होल्ट डीसीसाठी आहे. घरातल्या पीव्हीसी वायरीचे मानक आयएस ६९४; तिची मर्यादा ४५०/७५० व्होल्ट आणि गाभ्याचे तापमान ७० अंश सेल्सिअस. वायर लवचीक राहावी म्हणून पीव्हीसीत घातलेले मृदुकारक द्रव्य उन्हात हळूहळू निघून जाते, आवरण कडक होते आणि वळणावर तडकते. पावसाळ्यातल्या ओल्या सकाळी इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याची खूण, दाखवून बंद राहतो आणि दुपारी वाळल्यावर सुरू होतो, तेव्हा अशा तड्यांवर संशय घ्यावा. सौर केबलीचे आवरण क्रॉसलिंक केलेल्या, हॅलोजनविरहित पॉलिओलेफिनचे आणि दुहेरी असते. ते उष्णतेने वितळत नाही, अतिनील किरणांना टिकते आणि जळालेच तर धूर कमी होतो. गाभा १२० अंशांपर्यंत तापला तरी २०,००० तास निभावेल, अशी युरोपीय मानक ईएन ५०६१८ ची अपेक्षा आहे. आतल्या तांब्याच्या बारीक तारांवर कथिलाचा थर असतो. भांड्यांना करतात तीच ही कल्हई. कोकणच्या खाऱ्या हवेत तिचे मोल कळते.

इतका बंदोबस्त कशासाठी, याचे उत्तर डीसीच्या स्वभावात आहे. आपल्याकडचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सैल जोडात ठिणगी पेटली तरी ती विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. एकदा पेटलेली ज्योत जोड जाळत राहते. त्यात फ्यूज, एमसीबीचाही भरवसा नाही. ५४० वॅटच्या पॅनेलचा चालू प्रवाह साधारण १३ अँपिअर आणि शॉर्ट झाल्यावरचा जेमतेम १४. एवढ्या फरकाने एमसीबी पडत नाही. शिवाय ऊन असेपर्यंत पॅनेल बंदही करता येत नाही. म्हणून इथे खरी राखण आवरणच करते. ऐन उन्हात, लोड चालू असताना पॅनेलच्या केबली जोडणारा एमसी४ कनेक्टर ओढून काढू नये, तेही याचसाठी.

जाडी ठरवताना अंतर बघावे लागते. छतापासून इन्व्हर्टर ३० मीटर असेल तर जाऊन-येऊन केबल ६० मीटर. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलीत १३ अँपिअरला सुमारे ४ व्होल्ट वाटेतच जिरतात. दहा पॅनेल एकसर जोडून ४०० व्होल्ट मिळत असतील तर ही घट १ टक्का. ४८ व्होल्टच्या बॅटरी मांडणीत तीच ८ टक्क्यांवर जाते, तिथे जाड केबलच हवी.

उंदीर-खारींपुढे मात्र या आवरणाचे काही चालत नाही. त्यांचा वावर असेल तिथे केबल पाइपातूनच न्यावी लागते.