मातृसेवेची रजा

वाचकहो, पंढरीचा देव विटेवर का उभा राहिला, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता आणि ती सेवा अर्धी टाकून उठायला तयार नव्हता. देव रागावला नाही. ताटकळत उभा राहिला. म्हाताऱ्या आईबापांच्या सेवेला देवाने जिथे वाट करून दिली, तिथेच आपल्या संप्रदायाचा पाया आहे. माणसांच्या राज्यात मात्र अशी वाट सहसा मिळत नाही.

पनवेलहून पेणकडे निघालात की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवरायांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा होता. पेशवाईच्या अखेरीस अनंतराव फडके येथे किल्लेदार होते. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला. पायथ्याच्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी अनंतरावांचा नातू जन्मला. तेच आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत.

वासुदेवराव पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होते. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप गावाहून आला. त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. शिरढोणला पोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली, असे चरित्रकार लिहितात. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ, १८७९ चे बंड आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगातला मृत्यू, हे आपण जाणतोच.

इतिहासात या प्रसंगाकडे बंडाची ठिणगी म्हणून पाहिले जाते. वाचकहो, आज तो क्षणभर त्या माउलीच्या अंथरुणापाशी बसून पाहू. घर होते. कमावता मुलगा होता, आणि त्याला यायचेही होते. तिला कमी पडले ते त्याचे चार दिवस.

त्या काळी शेतकऱ्याला, कोळ्याला, कातकऱ्याला म्हातारपणी आधार घरचाच. १८८९ मध्ये जर्मनीने कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या वेतनाचा कायदा केला. १९०८ मध्ये इंग्लंडने सत्तर वर्षांवरील गरिबांसाठी केला. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात साहाय्य देण्याचे तत्त्व आले. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने निराधार वृद्धांना महिना ७५ रुपये सुरू केले. महाराष्ट्राच्या योजनेचे नावच ‘श्रावणबाळ’. पासष्टीपुढच्या गरजूंना २०२३ पासून तीत १,५०० रुपये मिळतात. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्कही दिला.

हे सारे मोलाचे आहे. औषधाची चिठ्ठी घेऊन सुनेपुढे उभे न राहता येणारी आजी त्या पैशांत स्वतःचा मान राखते. पण सरकारचा श्रावणबाळ खात्यावर येतो, उंबऱ्यावर येत नाही. आज पोटासाठी मुंबईला, आखातात गेलेल्या किती मुलांची गत वासुदेवरावांसारखीच आहे! त्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. पुंडलिकाला वेळ होता. यांचा वेळ विकला गेला आहे.

आणि म्हाताऱ्या माणसाला केवळ सेवा हवी असते, असेही नाही. त्याला कामही हवे असते. कर्नाळ्याजवळच ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे. त्याचे संस्थापक डॉ. जी. जी. पारिख वयाची शंभर वर्षे पूर्ण करून २०२५ मध्ये गेले. उतारवयातही त्यांनी लोकांचे काम सोडले नाही. आपल्या दिंडीतही वीणा बहुधा पिकल्या केसांच्याच गळ्यात असते. तिथे वयाला जागा आहे.

तीच जागा गावात करता येईल. निवृत्तिवेतन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. थकलेल्या माणसाला तहसिलीची ती पायरी गडाहून उंच वाटते. भजनी मंडळातल्या दोघांनी एका एकादशीला गावातल्या अशा म्हाताऱ्यांची यादी करावी, आणि कचेरी उघडेल त्या दिवशी त्यांना गाडीत बसवून न्यावे. ज्याचा मुलगा दूर आहे, त्याच्या अंथरुणाशी संध्याकाळी घटकाभर बसावे; हरिपाठ तिथेच म्हणावा. देवाला वाट पाहण्याची सवय आहे. त्या म्हाताऱ्यांपाशी तेवढे दिवस नाहीत.

रामकृष्णहरी.