के-१०० पिस्तूल : तळटीप

* ग्रँड पॉवर के-१०० : स्लोव्हाकियात बान्स्का बिस्त्रित्साजवळ बनणारे ९ मिमीचे पिस्तूल. रचनाकार यारोस्लाव्ह कुरात्सिना. मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. गोळी सुटल्यावर नळी खाली न झुकता स्वतःभोवती किंचित फिरते. त्यामुळे झटका सौम्य मानला जातो.

हे पिस्तूल ‘ट्वायलाइट : २०००’ या तिसऱ्या महायुद्धावरच्या भूमिका-खेळात आणायचे, तर एक अडचण आहे. खेळ निघाला १९८४ साली. स्लोव्हाकिया वेगळा झाला १९९३ मध्ये! खेळातल्या उद्ध्वस्त पोलंडमध्ये हे पिस्तूल कुणाच्या कमरेला लावायचे, तर आधी इतिहासालाच मुरड घालावी लागते.

खेळासाठी पिस्तुलाचे आकडे ठरवण्याचे काम त्यामानाने सोपे. मारा त्याच काडतुसाच्या इतर पिस्तुलांइतका ठेवायचा, झटका एखाद्या अंकाने कमी. (त्या एका अंकावरून खेळाडू तासभर भांडू शकतात.)