देवाचा दरबार आणि माझे पाकीट



गळ्यात तुळशीची माळ असलेल्या म्हाताऱ्याने वारकऱ्यांच्या अंकात एका ख्रिस्ती कवीची कथा सांगावी, याचे तुम्हांला नवल वाटेल. काहींना रागही येईल. तो रास्त आहे असे समजूनच लिहितो. जन्मभर टाळमृदंगाच्या मेळात उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून कीर्तन थांबले. पण एक ऋण राहिले आहे, आणि ते फेडायचे तर ही कथा सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या माघातली गोष्ट. धान घरात आले होते आणि आरमोरीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठच्या एका गावी सप्ताह होता. काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. देव गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करतो, त्यांचे उष्टे आवडीने खातो, तिथे थोरधाकटा कोणी उरत नाही, असे दोन तास सांगितले. लोकांचे डोळे भरले. माझेही भरले, खोटे का सांगू? हंडी फुटली, लाह्या वाटल्या आणि मग पाकीट आले.

ठरले होते १५१ रुपये. निघाले १०१. मी ते पाकीट मंडपातच, चार माणसांदेखत, खाली टाकले. गेल्या वर्षीच्या महाराजांना किती दिले ते मला ठाऊक आहे, असेही बोललो. सप्ताहाचा हिशेब पाहणारे एक वृद्ध शेतकरी होते. ते काही न बोलता गेले, घरोघर पुन्हा हिंडले आणि तासाभराने ५० रुपयांची मोड धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आले. माझ्यापुढे ठेवून माझ्या पाया पडले. मी ते पैसे घेतले.

माउली, वारकऱ्याने कथेचे मोल घेऊ नये हे तुम्ही जाणता. ज्या गावी कीर्तन करावे तिथला पैसा घेऊ नये, अन्नही घेऊ नये, इथवर आपल्या परंपरेची ताकीद आहे. मी ती शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगितली होती.

त्या गावात एक निवृत्त शिक्षक राहत. ख्रिस्ती होते. त्यांचे बालपण चांद्याला मिशनच्या छायेत गेले होते. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्याला काम सुरू केले, त्या काळापासूनचे ते घराणे. गुरुजी दर वर्षी सप्ताहाला येत, मागे गोणपाटावर बसून ऐकत, आरतीला हात जोडून उभे राहत आणि घरी जात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला आपल्या बैलबंडीतून आरमोरीच्या मोटारस्टँडवर पोचवले. धुके इतके दाट होते, की बैलांची शिंगे दिसत नव्हती, नुसत्या घुंगरांवरून बंडी चालली आहे हे कळे. पाकिटाचा विषय गुरुजींनी काढला नाही. वाटेत एवढेच विचारले, "महाराज, तुम्ही टिळक वाचले आहेत का?" मला वाटले लोकमान्य. ते हसले आणि म्हणाले, "नाही जी, आमचे टिळक. नारायण वामन."

त्या सात-आठ मैलांत त्यांनी जे सांगितले त्याने मला वाचायला लावले, आणि पुढची सगळी वर्षे मी ते वाचत आलो.

नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. चित्पावन ब्राह्मणाचे घर. नाशिकला संस्कृत शिकले. शीघ्रकवी, वक्ते, स्वभावाने तापट. संतापले की घरातून निघून जात आणि कुठे गेले याचा पत्ता नसे. आपल्या विदर्भाशी त्यांचा संबंध आला तो नागपुरात. तिथे आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालवले. तिथून नांदगाव संस्थानात, म्हणजे आजच्या राजनांदगावला, नोकरीसाठी निघाले. नागपूरहून तिकडे जाणारी आगगाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. त्या गाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले आणि त्याने उतरताना नव्या कराराची प्रत हातात दिली. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

घरावर वज्राघात झाला. पत्नी लक्ष्मीबाई अनेक वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, सोवळेओवळे आपल्याच विचाराने सोडले आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ते सारे 'स्मृतिचित्रे'त आहे. हे पुस्तक ज्याने वाचले नाही त्याने या चातुर्मासात वाचावे. नवऱ्याचे दोष इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी पतिव्रता मला मराठीत माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, स्वधर्म सोडलेल्याचे गुण गाण्याचे कारण काय? थांबा. टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे ते बोलत, हे प्रसिद्ध आहे. त्यांनी येशूवर अभंग रचले. नगरकडे ख्रिस्ती कीर्तने आधीपासून होत होती, त्यांना टिळकांनी जोर दिला. चर्चमध्ये टाळ आणि भजन यावे, परदेशी पेटीवरची परदेशी चाल जावी, म्हणून ते मिशनरींशी वाद घालत. त्यांचे पद ख्रिस्ती मंडळी आजही उपासनेत म्हणतात.

मराठी छंदात ख्रिस्त सांगणारे ते पहिले नव्हेत. गोव्यात साष्टीत राहणारे इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या, आणि भाषा अशी की ज्ञानोबांचे ऋण लपत नाही. पण त्याच साष्टीत त्याआधी पन्नास वर्षांच्या आत देवळे पाडली गेली होती. ओवीची गोडी सांगताना ते विसरू नये. टिळकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पाठीशी राजसत्ता नव्हती. होता तो मिशनचा पगार, आणि तोही त्यांना पुढे बोचू लागला.

मला सांगायचे आहे ते इथे आहे. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना मान होता. शिकवण्याचे काम होते, दीक्षित पाळक होते, 'ज्ञानोदय' पत्राचा मराठी भाग त्यांच्याकडे होता. घर चालत होते. वयाची ५५ वर्षे उलटल्यावर, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे बंधुमंडळ, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. दरबारात राजा एकच, बाकी सगळे हात जोडून उभे. पगारी सेवक देवाचा की पगार देणाऱ्याचा, हा प्रश्न लोक विचारत असतच. टिळक तो स्वतःला विचारू लागले. संन्याशासारखे राहायचे आणि देवाने जे धाडले त्यावर चालवायचे, हा बेत होता.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

याला अपयश म्हणणारे पुष्कळ. मला मात्र देहूचे तुकोबा आठवतात. दुष्काळानंतर कर्जखते इंद्रायणीत बुडवताना त्यांनी धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून दिला आणि आपलाच अर्धा डोहात टाकला, असे परंपरा सांगते. किती बारकावा आहे यात! वैराग्य आपल्या वाट्याचे करावे, दुसऱ्याच्या वाट्याचे नव्हे. इथे टिळकांविषयी माझा एक आक्षेप आहे आणि तो मी गुरुजींनाही बोलून दाखवला होता. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकला नाही, जो मागेल त्याला दिला, आणि चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची होती. त्यांचा वाटा कोणी वेगळा काढला? जिजाईंविषयीही मला नेहमी हेच वाटत आले आहे. गुरुजी म्हणाले, "महाराज, तो हिशेब त्या दोघींनीच विचारायचा. आपण पुरुषांनी विचारून काय उपयोग?" यावर मला उत्तर सुचले नाही, अजून सुचलेले नाही.

आरमोरी जवळ आली तेव्हा गुरुजींनी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा उल्लेख केला. चौथा अध्याय हाती आला तर पाहा, म्हणाले. मी पुढे चंद्रपुरात ते पुस्तक मिळवले. पत्र लहान आहे, पाच अध्यायांचे. लिहिणारा परक्यांना दटावत नाही, आपल्याच मंडळींना दटावतो. तुमच्यात भांडणे होतात ती पोटातल्या हावेतून होतात, जगाशी सोयरीक जोडून देवाशी नाते सांगता येत नाही, गर्वाने ताठ झालेल्याला देव अडवतो आणि वाकलेल्याला उचलतो, असा त्याचा भाव. त्याआधी दुसऱ्या अध्यायात तर आपल्या सप्ताहाचा मंडपच दिसतो: सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला पुढची बैठक आणि फाटक्या कपड्यांतला आला की पायाशी जागा. चौथ्याच्या शेवटी माणसाच्या आयुष्याला घटकाभर दिसून विरणाऱ्या वाफेची उपमा आहे. ती वाचताना मला ती पहाट आणि दिसत नसलेले ते बैल आठवले.

तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रपंच म्हणजे बायकापोरे, शेतीवाडी, असेच मी सांगत आलो होतो. याकोबाचा रोख तिकडे नाही. त्याचा रोख दुसऱ्याच्या ताटाकडे पाहण्यावर आहे. त्या दिवशी माझे घर ५० रुपयांसाठी अडले नव्हते. गेल्या वर्षीच्या महाराजांना मिळाले तेवढे मला का नाही, हे माझे दुःख होते. पैसा सोडता येतो. मान सोडण्याची वेळ आली की हात थरथरतो. टिळकांसारख्या तापट, मानी, आपल्या कवितेचा अभिमान असलेल्या माणसाने उतारवयात तो सोडून पाहिला, म्हणून मला त्यांचे मोल. नम्रता त्यांना जन्मतः मिळाली नव्हती.

आपल्याकडे याचे साधन आधीपासून आहे, नाही असे नाही. वारीत भेटला की एकमेकांच्या पाया पडायचे. वय पाहायचे नाही, जात पाहायची नाही. त्यांच्या मताशी आपले मत सगळे जुळते, असेही मी म्हणत नाही. त्यांचा तारणारा एकच आहे आणि आपला विठोबा विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो. हे दोन वेगळे मार्ग आहेत, त्यांची खिचडी करू नये. पण चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या रानात तप केलेल्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेत सर्व धर्मांना जागा दिली, त्या भूमीतला मी माणूस. मागे गोणपाटावर बसून ऐकणाऱ्या ख्रिस्ती गुरुजींकडून शिकलो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

कमीपणा वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. याकोबाचे पत्र वाचल्यावरही मी पाकिटे घेतच राहिलो. फक्त उघडून मोजणे बंद केले, आणि त्यालाच कितीतरी वर्षे वैराग्य समजत होतो. बिदागी पूर्ण सोडली ती साठी उलटल्यावर, मुलगा नोकरीला लागल्यावर. म्हणजे सोडली तीही सोयीने.

चार वर्षांपूर्वी मी त्या गावी पुन्हा गेलो. गुरुजी गेले होते. ते वृद्ध शेतकरीही केव्हाच गेले होते. त्यांच्या नातवाच्या हाती मी १५१ रुपये ठेवले, आणि घडले ते सांगितले. त्या पोराला त्याचा काही अर्थ लागला नाही. त्याने पैसे सप्ताहाच्या पेटीत टाकले, मला गूळपाणी दिले आणि महाराज, येत्या माघात काल्याचे कीर्तन कराल का, असे विचारले. मी म्हटले, बाबा, आता उभे राहवत नाही. मागे बसून टाळ वाजवायला येईन.

गेली तीन वर्षे जातो आहे. बसायला गोणपाट मिळते.